एचआर नेमका कोणाचा माणूस?

नागपूरच्या मिहान या नव्या उद्योगवसाहतीत नुकत्याच लागलेल्या पोराला विचारा, एचआर (ह्युमन रिसोर्स, म्हणजे मनुष्यबळ खातं) म्हणजे कोण? तो म्हणेल, ऑफर लेटर पाठवणारी मॅडम. बुटीबोरीत वीस वर्षं मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या लेखी एचआर म्हणजे अजूनही 'टाइम ऑफिस'. पंचिंग चुकलं किंवा ओव्हरटाइम कमी लागला की तिथल्या खिडकीशी जाऊन उभं राहायचं. इतवारीतल्या एखाद्या ठोक दुकानात हाच प्रश्न केलात तर काउंटरवरचा पोरगा हसेल. 'आमच्या इथं कायचा एचआर जी, सारं शेठच पाहते.'

मला विचाराल तर या तिसऱ्या उत्तरात एचआरचा अर्थ सगळ्यात स्वच्छ दिसतो. त्या दुकानात एचआर नावाचं खातं नाही, पण त्याची सगळी कामं चालू आहेत. नवा पोरगा ओळखीतून आणणं, त्याला जुन्या माणसाच्या हाताखाली लावणं, पगार ठरवणं, बहिणीच्या लग्नाला उचल देणं, दिवाळीला बोनस देणं, दोघांचं वाजलं तर गोदामात बोलावून दम भरणं, आणि नकोसा झाला की 'उद्यापासून येऊ नको' सांगणं. सहा माणसं आहेत तोवर शेठला सगळ्यांचं सगळं तोंडपाठ असतं. साठ झाली की कोणाला किती उचल दिली हे वहीत पाहावं लागतं. सहाशे झाली की समोरून येणारा आपला माणूस आहे की माल पोचवायला आलेला, हेही कळत नाही. मग ही कामं मालकाच्या डोक्यातून काढून एका खात्याकडे सोपवावी लागतात आणि 'मला वाटलं म्हणून' च्या जागी लेखी नियम आणावा लागतो. ते खातं म्हणजे एचआर.

आता मुद्द्याचं. एचआर हा कंपनीचा माणूस आहे. त्याचा पगार कंपनी देते, त्याचा साहेब मालकाला किंवा वरच्या डायरेक्टरला जाब देतो. लग्नातला मध्यस्थ जसा दोन्ही घरी चहा पितो, दोन्हीकडचं ऐकून घेतो, पण त्याला आणलेलं असतं मुलाकडच्यांनी, तसं हे आहे. यात लबाडी काही नाही, कारण संसार टिकावा असं त्यालाही वाटतच असतं. घोळ होतो तो अपेक्षांचा. कोणी एचआरला आपली ताई-दादा समजून मन मोकळं करतं आणि मग पस्तावतं. कोणी त्याला मालकाचा हेर समजतं आणि हक्काची गोष्टही मागत नाही. खरं म्हणजे कर्मचाऱ्याचं हित आणि कंपनीचं हित जिथे एकाच वाटेवर येतं, तिथे एचआरचा जोर चालतो. ती वाट बरीचशी कायद्याने आखलेली आहे, उरलेली हिशेबाने.

हिशेबाने म्हणजे कसं, याचं उदाहरण नागपूरच्या इतिहासातच सापडतं.

गांधीसागर तलावाजवळ जमशेटजी टाटांनी उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून हे नाव. मिल तर उभी राहिली, पण माणसं रोज कामावर येईनात. आज आला तो उद्या येईलच याचा भरवसा नव्हता. भोंग्याच्या ठोक्यावर हजर राहून दिवसभर एका जागी राबायचं, ही रीतच इकडे नवी होती. दुसऱ्या एखाद्या मालकाने दंड लावला असता, नाहीतर माणसं काढली असती. इथे उलटं झालं. कामगारांसाठी खेळांचे दिवस भरवले गेले, बक्षिसांत घड्याळं आणि सोन्याच्या साखळ्या ठेवल्या गेल्या. पुढे १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड (पीएफ). मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आग विझवणारे फवारेही बसवले होते. आपल्या देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि पीएफचा १९५२ मध्ये, हे लक्षात घेतलं की या तारखांचं वजन कळतं.

हे सगळं निव्वळ दानधर्म होतं का? मला तसं वाटत नाही, आणि तसं नसल्याने त्याचं मोल कमीही होत नाही. आपण मेलो तर बायकोच्या हातात काहीतरी पडेल, म्हातारपणी दोन पैसे येतील, अशी खात्री असलेला माणूस मिल सोडून जात नाही. शिकलेला हात टिकला की सूत चांगलं निघतं. हा विचार एचआरच्या मुळाशी आहे, भले त्या काळी हे नाव नसेना का. (पुढे एम्प्रेस मिल डबघाईला आली, १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. चांगला एचआर धंदा वाचवतोच असं नाही.)

मुंबईच्या गिरण्यांत मात्र दुसरीच तऱ्हा होती. तिथे भरती जॉबरच्या हातात असे. तोच गावाकडून माणसं आणायचा, तोच काम द्यायचा, तोच काढायचा आणि या सगळ्याची दस्तुरी खायचा. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या जॉबरशाहीवर बोट ठेवलं आणि गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, असं सुचवलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. आजचा एचआर मॅनेजर याच घराण्यातला. माणूस घेण्याची आणि काढण्याची सत्ता एका मुकादमाच्या मर्जीतून सोडवावी, म्हणून ही खुर्ची तयार झाली. भरतीत एखाद्या साहेबाचा भाचा लागतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पगाराची चिठ्ठी

एचआरशी बहुतेकांचं पहिलं भांडण इथे होतं. 'पॅकेज तीन लाख साठ सांगितलं होतं, म्हणजे महिन्याचे तीस झाले. हातात साडेतेवीस काहून आले?' प्रश्न रास्त आहे, उत्तर कागदावर मांडून पाहू.

तीन साठ हा आकडा सीटीसीचा. कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी, हातात येणारा पगार म्हणजे सीटीसी नव्हे. महिन्याच्या त्या ३०,००० ची फोड समजा अशी आहे: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, स्पेशल अलाउन्स ४,४७८. हे झाले २५,४७८. उरलेल्यात कंपनीचा पीएफचा वाटा, बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, बाजूला काढलेले ७२२. आणि २,००० व्हेरिएबल, जे वर्षाच्या शेवटी कामगिरी पाहून मिळतील, नाहीतर मिळणार नाहीत. आता २५,४७८ मधून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापा. उरले २३,४७८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. दर मार्चमध्ये कोणीतरी येऊन विचारतंच, मागच्या महिन्यात शंभर रुपये कमी का आले?

यात कंपनीने काही बुडवलं का? नाही. पण ऑफर देताना 'हातात किती येतील' हे न सांगता फक्त मोठा आकडा सांगणं, हे काही फार सरळ वागणं नाही. माझं मत विचाराल तर सही करण्याआधी उमेदवाराने हातात येणाऱ्या पगाराचा कागद मागावा आणि चांगल्या एचआरने तो मागण्याआधी द्यावा.

पीएफचं पासबुक उघडल्यावर आणखी एक शंका हमखास येते. माझे १,८०० जमा झाले, कंपनीचे मात्र ५५०च दिसतात. बाकीचे कंपनीने खाल्ले? रघुजीनगरच्या पीएफ ऑफिसात जाण्याआधी एवढं समजून घ्या: कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. १५,००० च्या मर्यादेवर ते होतात १,२५०. उरलेले ५५० तुमच्या पीएफ खात्यात दिसतात. पैसा गेलेला नाही, दुसऱ्या कप्प्यात पडलाय.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयही (कामगार विमा) लागू होतो. १८,००० पगाराच्या माणसाच्या खिशातून ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये जातात, कंपनी ३.२५ टक्के म्हणजे ५८५ भरते, आणि त्यावर सगळ्या कुटुंबाला औषधपाणी, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग. बरेच लोक या कपातीवर कुरकुरतात आणि सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात कधी पाऊलही ठेवत नाहीत. कार्ड काढून दिलं नाही, ही एचआरची चूक. मागितलंच नाही, ही आपली.

या सगळ्या नियमांत अलीकडे एक मोठा बदल झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कामगार कायदे मोडीत निघून चार श्रमसंहिता लागू झाल्या. सामान्य माणसाच्या कामाच्या गोष्टी त्यात तीन-चारच. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही, कारण वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतातच, पण ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एका वर्षाने ती मिळू शकते. हिशेब जुनाच: शेवटच्या वेतनाला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा.

भरती आणि अप्रेझल

भरतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एचआर बायोडाटा चाळतो, पहिली मुलाखत घेतो, कागदपत्रं तपासतो. घ्यायचं की नाही हे बहुतेक वेळा ज्या खात्यात जागा आहे त्याचा मॅनेजर ठरवतो. 'एचआरने रिजेक्ट केलं' हे वाक्य निम्म्या वेळा खोटं असतं. एचआर फक्त निरोप देतो, तोही कित्येकदा देत नाही. उमेदवाराला ताटकळत ठेवून नंतर फोनच न उचलणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे, आणि तिच्यासाठी कोणताही कायदा नाही.

अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचंही तसंच. रेटिंग तुमचा मॅनेजर देतो, पगारवाढीचा एकूण पैसा वरून ठरून येतो, आणि दहा जणांच्या टीममध्ये सगळ्यांना 'उत्कृष्ट' देता येत नाही म्हणून वरची-खालची वाटणी केली जाते. पत्र मात्र एचआरच्या सहीने येतं, त्यामुळे शिव्या त्यालाच.

सुट्ट्यांची यादी हे त्यामानाने गंमतीचं काम. बाहेरून आलेल्या कंपनीच्या यादीत गणेशचतुर्थी असते, दिवाळी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, तेव्हा निम्मं नागपूर रस्त्यावर असतं, हे पुण्या-बंगळुरूत बसून यादी करणाऱ्याला कुठून माहीत असणार? मग त्या दिवशी अचानक सगळ्यांना ताप येतो. इथला शहाणा एचआर जानेवारीतच वरच्यांशी भांडून ती सुट्टी दुसऱ्या एखाद्या सुट्टीच्या बदल्यात मिळवून ठेवतो. काम छोटं आहे, पण माणसं ओळखणारा एचआर आणि एक्सेल ओळखणारा एचआर यांतला फरक इथे कळतो.

तक्रार कोणाकडे?

सगळ्या तक्रारी एचआरकडे नेऊन उपयोग नाही, काही तर तिथे अडकूही नयेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार घ्या. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. 'मी त्याला समजावतो, तुम्ही विषय वाढवू नका' असं एचआर म्हणाला, तर तो त्याच्या अधिकाराबाहेर बोलतोय. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीच्या सदस्यांची नावं ऑफिसात लावलेली नसतील, तर तीच पहिली विचारायची गोष्ट.

साहेब सगळ्यांसमोर ओरडतो, सुट्टी देत नाही, श्रेय लाटतो, असल्या तक्रारींत एचआरच्या हातात कमी असतं. तो दोघांना बसवून बोलू शकतो, बदली सुचवू शकतो. तो साहेब कंपनीला चार कोटींचा धंदा आणून देत असेल तर एचआर त्याचं किती बिघडवेल, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. अशा वेळी तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा तारखांसकट लिहिलेला ईमेल जास्त काम करतो. कारण उद्या प्रकरण सिव्हिल लाइन्सच्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा कोर्टात गेलं, तर 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असं कंपनीला म्हणता येत नाही, आणि हे एचआरइतकं दुसऱ्या कोणाला कळत नाही.

'तो आमचा नाही'

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एखाद्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा. एकाच मशीनवर काम करून बाहेर पडलेल्या दोघांच्या गळ्यातल्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगाच्या दिसतील. एक कंपनीचा, दुसरा ठेकेदाराचा. दुसरा एचआरच्या दारात गेला की उत्तर तयार असतं, 'तू आमच्या रोलवर नाही, तुझ्या ठेकेदाराशी बोल.' ठेकेदार फोन उचलत नाही. 'साहेब, दोन महिन्यांचे पैसे अडकले हायेत, आता जाऊ कुठं?'

या माणसाला कोणी सांगत नाही ते असं. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ कंपनीने द्यायची आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही ती आहे. पीएफचंही तेच: ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. म्हणून तर जाणता एचआर ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन (पैसे भरल्याची पावती) आणि पगार खात्यात गेल्याचा पुरावा मागतो. चलनाला जोडलेल्या यादीत नावं मोजतो, गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहतो. चाळीस माणसं गेटमधून आत गेली आणि यादीत एकतीस नावं असली, की बिल थांबवतो. एचआरच्या सगळ्या कामांत मला हे काम मोलाचं वाटतं. याचं कोणी कौतुक करत नाही, नोकरीच्या जाहिरातीतही ते लिहिलेलं नसतं, आणि ते नीट झालं नाही तर सगळ्यात गरीब माणूस मरतो.

सोडून जाताना

राजीनामा दिला की एचआर पुन्हा समोर येतो. नोटीस पिरियड किती, उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे मिळणार का, लॅपटॉप कोणाकडे द्यायचा, हे सगळं नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या नियमांत लिहिलेलं असतं. ते पत्र रुजू होताना कोणी वाचत नाही, सोडताना सगळे शोधतात. नव्या वेतन संहितेप्रमाणे शेवटच्या पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. पूर्वी याला दीड-दोन महिने लावणं हा रिवाजच होता.

एक्झिट इंटरव्ह्यूत 'का सोडताय?' या प्रश्नाला जवळपास प्रत्येक जण 'चांगली संधी मिळाली' असं लिहितो. एचआरला खरं कारण बहुधा आधीच माहीत असतं. तुम्ही ते लिहावं की नाही, हे अनुभवाचं पत्र हातात पडलंय की नाही यावर ठरवा.

आणि ऑफिसातून बाहेर पडण्याआधी एक विचारून घ्या: पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का? ती नसेल तर जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात वळवताना अर्ज अडकतो. कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या जमेनंतर दोन महिने थांबून ती तुम्हाला स्वतःच्या लॉगिनमधून टाकता येते. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल चालू हवा.